भाचेबुवा, रीक्लास आणि चाळीस हजारांचं बिल

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ताई रात्री साडेदहाला फोन करते म्हणजे दोनच शक्यता, एकतर पुण्यात कुणाचं तरी दुखणं वाढलंय किंवा भावोजींनी नवीन एक्सेल शीट बनवलीय. यावेळी शीट होती. सात कॉलम, तीन रंग आणि वर ठळक अक्षरात "प्रेप स्कूल फायदे-तोटे". म्हणलं चला, झोप गेली.

विषय आमच्या भाचेबुवांचा. वय 16, दहावीत म्हणजे इथल्या भाषेत सोफोमोर, उंची 6 फूट 4 इंच. ही उंची कुठून आली ते घरात कुणालाच माहीत नाही, आमच्या आजीला फळीवरचा लोणच्याचा डबा काढायला शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची असलं आमचं खानदान. पोरगं न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलच्या व्हार्सिटी म्हणजे मुख्य बास्केटबॉल टीममध्ये स्टार्टर आहे, उन्हाळ्यात एएयू (शाळेबाहेरच्या क्लबांच्या टूर्नामेंट) खेळतं, म्हणजे शनिवार-रविवार ताई आणि भावोजी पोह्यांचा डबा घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्यातरी गोदामासारख्या हॉलमध्ये बसलेले, आणि तिथे एका वेळी आठ कोर्टवर शिट्ट्या वाजत असतात त्यामुळे आपल्या मॅचची शिट्टी कुठली ते कळत नाही. अशाच एका ठिकाणी मागच्या उन्हाळ्यात न्यू इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग शाळेच्या कोचने त्याला हेरलं. मग ईमेल, मग झूम कॉल आणि मग प्रस्ताव, सप्टेंबरपासून आमच्याकडे या, दहावी परत करा, तीन वर्षं आमच्याकडून खेळा, पोरगं डी-वनला, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला जाईल. फी वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास, त्यातली अर्धी माफ करायला शाळा तयार. उरलेली अर्धी भावोजींची.

आणि मला फोन का, तर मी घरातला बास्केटबॉल एक्सपर्ट. माझी पात्रता म्हणजे कॉलेजात असताना डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर चार वर्षं संध्याकाळी पडीक होतो आणि इंटर-कॉलेजला बेंचवर बसून टाळ्या वाजवल्या. पण एनआरआय कुटुंबात एवढंही पुरतं.

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी आधी सांगतो की हे प्रेप प्रकरण आहे काय. लातूर पॅटर्न आठवा. पोरगं हुशार आहे, गावातल्या ज्युनियर कॉलेजात त्याच्या तोडीचं कुणी नाही, मग आईबाप त्याला लातूरला नाहीतर थेट कोट्याला पाठवतात, खोली भाड्याने, मेसचा डबा, दिवसरात्र एकच विषय आणि आजूबाजूला सगळे तसलेच येडे. नीटला मनासारखे मार्क पडले नाहीत तर एक वर्ष ड्रॉप, रिपीटर म्हणून परत. आता फिजिक्सच्या जागी जंप शॉट घाला आणि ड्रॉपच्या जागी रीक्लास. झालं प्रेप स्कूल.

फक्त एकाच नावाखाली इथे दोन-तीन वेगळ्याच भानगडी चालतात आणि लोकांचा घोळ तिथेच होतो. एक म्हणजे देशभर खेळणाऱ्या मोठ्या शाळा, फ्लोरिडातली माँटव्हर्ड अकॅडमी, व्हर्जिनियातली ओक हिल, आयएमजी अकॅडमी वगैरे. या स्टेटच्या लीगच्या भानगडीत फारशा पडत नाहीत, विमानाने फिरतात, एकमेकांशीच खेळतात आणि मॅचा ईएसपीएनवर दिसतात. दुसरा प्रकार न्यू इंग्लंडच्या जुन्या बोर्डिंग शाळा, न्यू हॅम्पशरची ब्रूस्टर अकॅडमी घ्या, एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचा डोनोव्हन मिचेल तिथून गेला. तिथे खरं शिक्षण आहे, विटांच्या इमारती आहेत आणि बारावी झालेल्यांसाठी पोस्टग्रॅज्युएट म्हणून एक जादा वर्ष आहे. तिसरा प्रकार म्हणजे एक भाड्याचं जिम, एक घर, घरात बारा उंच पोरं आणि "ऑनलाइन क्लासेस". 2006 च्या सुमारास न्यूयॉर्क टाइम्सने असल्या शाळांचा पार पंचनामा केला होता, शिक्षक नावालाच आणि मार्क मात्र भरभरून, आणि त्यानंतर कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने काही शाळांची प्रमाणपत्रंच धरायचं बंद केलं. भाचेबुवांना बोलावणं दुसऱ्या प्रकारातलं होतं. तेवढं बरं.

आता मूळ प्रश्न, चांगल्या खेळाडूने जावं की नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. जो पोरगा खरोखर वरच्या दहा-वीसात आहे त्याने बिनधास्त जावं. पण तो खरोखर तिथे आहे का, हे रँकिंगच्या वेबसाईटपेक्षा फीच्या पावतीवरून जास्त नीट कळतं. शाळा तुम्हाला फुकट नेतेय म्हणजे तिला तुम्ही हवे आहात. शाळा तुमच्याकडून चाळीस हजार मागतेय म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक आहात, भले सवलतीतले असाल. आमच्याकडे लग्नात मानपान कुणाचा आणि खर्च कुणाचा यावरून जसं कळतं की कुणाला घाई आहे, तसंच.

फुकट नेण्यासारख्यांचं आधी बोलू, कारण तिथे मला काहीच शंका नाही. कूपर फ्लॅग घ्या. मेन राज्यातलं न्यूपोर्ट, अगदी छोटं गाव, तिथल्या नोकोमिस रीजनल हायस्कूलकडून नववीत खेळला आणि 2022 मध्ये शाळेला स्टेट चॅम्पियन करून मोकळा झाला. नववीत! पुढे तिथे काय करणार होता? तीन वर्षं अंगावर येणाऱ्या सहा फुटी सेंटरच्या डोक्यावरून डंक मारत बसला असता, गाव खूश, पेपरात फोटो, आणि खेळ जिथल्या तिथे. माँटव्हर्डला गेला, रीक्लास केलं पण उलट्या दिशेने, म्हणजे एक वर्ष आधीच बाहेर पडला, आणि 2023-24 च्या सीझनला ती टीम 33-0. पुढे ड्यूक युनिव्हर्सिटीत एक वर्ष आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवीन खेळाडू निवडतात तो) डॅलसने पहिल्या नंबरवर उचलला तेव्हा पठ्ठ्या 18 वर्षांचा होता. पण मला 33-0 पेक्षा वेगळीच गोष्ट भारी वाटते. त्या टीममधले आणखी तिघं, डेरिक क्वीन, एसा न्यूएल आणि लियम मॅकनीली, त्याच ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये गेले. म्हणजे या पोराला रोज दुपारी प्रॅक्टिसमध्ये समोर कोण होतं बघा. मॅच सोडा, ती तर कुणाशीही होते. शाळेच्या साध्या मंगळवारच्या प्रॅक्टिसला चार फर्स्ट राउंडर एकमेकांना ढकलतायत, ही गोष्ट मेनमध्ये काय, न्यू जर्सीतही मिळायची नाही. (त्याचा जुळा भाऊ एसही मेन सोडून फ्लोरिडाला गेला होता, मग नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शाळेत गेला आणि कॉलेजसाठी परत मेनला आला. एकाच घरातले, एकाच दिवशी जन्मलेले दोन भाऊ. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या आईने डबे कुठे कुठे पाठवले असतील".)

एनबीएत गाजलेल्या कार्मेलो अँथनीचं कारण जरा वेगळं. बाल्टिमोरला टाउसन कॅथलिकमध्ये खेळ उत्तम पण अभ्यासाची बोंब, कॉलेजला प्रवेश मिळायचे वांधे. शेवटच्या वर्षाला ओक हिलला गेला, आणि ओक हिल कुठे आहे तर माउथ ऑफ विल्सन नावाच्या डोंगरातल्या गावी, जिथे करण्यासारखं दुसरं काहीच नाही. त्याला तेच हवं होतं. पुढच्याच वर्षी 2003 मध्ये सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीला कॉलेजचं नॅशनल टायटल. तर कधीकधी बास्केटबॉलपेक्षा ते निर्जन गावच कामाला येतं, आपल्याकडे पोराला पाचगणीला टाकायचे ना, "जरा वळण लागेल" म्हणून, तसं.

आणि त्याच कार्मेलोची एक मॅच इथे आमच्या ट्रेंटनला झाली होती, फेब्रुवारी 2002, समोर अ‍ॅक्रनचा सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी नावाच्या शाळेतला एक अकरावीचा पोरगा. ओक हिल 72-66 ने जिंकली, कार्मेलोचे 34 आणि त्या अकरावीच्या पोराचे 36. तो पुढे एनबीए गाजवणारा लेब्रॉन जेम्स. तीही शाळा खासगीच, पण गावातली. लहानपणापासूनच्या तीन दोस्तांबरोबर गेला आणि तिथेच राहिला. ज्यांना वाटतं की वर जायचं तर घर सोडावंच लागतं त्यांनी त्या रात्रीचा स्कोर डोळ्यासमोर ठेवावा. केविन डुरँटचं तर अजून मजेशीर, अकरावीला ओक हिलला गेला आणि बारावीला परत घराजवळ मेरीलँडच्या माँट्रोज ख्रिश्चनला आला. म्हणजे जाणं-येणं दोन्ही होऊ शकतं, फक्त त्यासाठी आधी केविन डुरँट असावं लागतं.

इथे भावोजींनी मला अडवलं. "अहो पण हे सगळे एनबीएवाले. आपल्याला एनबीए कुठे पाहिजे, आपल्याला नुसती डी-वन पाहिजे." नुसती! मी म्हणलं भावोजी, अमेरिकेत हायस्कूलला बास्केटबॉल खेळणारी मुलं पाच लाखांहून जास्त आहेत आणि डिव्हिजन वनला पोचतो तो शंभरातला जेमतेम एक. हे एनसीएए स्वतःच सांगते. पण खरं सांगायचं तर भावोजींच्या मनातलं मला कळत होतं, त्यांच्या शीटच्या सहाव्या कॉलमचं नाव "आयव्ही" होतं. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड वगैरे जुन्या नामांकित युनिव्हर्सिटी, खेळाची स्कॉलरशिप देत नाही, पण कोचने तुमचं नाव पुढे केलं तर अ‍ॅडमिशनला वजन पडतं, आणि न्यू इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांमधून पोरं त्या वाटेने जातात हे खरंच आहे. भारतीय बापाला हे कळलं की तो वेडा होतो. बास्केटबॉल राहिला बाजूला, हा तर मागच्या दाराने हार्वर्ड. मी त्यांना दोष देत नाही, माझी पोरगी सहावीत आहे आणि मी आत्तापासून फेन्सिंगचे क्लास बघतोय.

तर मग या दुसऱ्या फळीच्या पोरांचं काय. हा धंदा खरा यांच्या जिवावर चालतो. टीमला वरचे चार-पाच फुकट आणलेले असतात, ते शाळेचं नाव करतात, आणि त्यांच्या नावावर मागचे आठ-दहा फी भरून येतात. यात कुणी फसवतं असं मी म्हणत नाही, सगळं उघड असतं, ब्रोशर चकचकीत असतं, पण ब्रोशरवर फोटो मात्र त्या वरच्या चौघांचे. आपला पोरगा तिथे बाराव्या नंबरचा असेल तर तो प्रॅक्टिसला रोज मार खाऊन सुधारेल, मान्य, पण मॅचला बसेल. आणि सोळा-सतराव्या वर्षी खेळायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या शाळेत शेवटच्या मिनिटाला बॉल याच्या हातात असतो, चुकतो, शिव्या खातो, परत मागतो. ते बेंचवर शिकायला मिळत नाही, हे मात्र मी पूर्ण अधिकाराने सांगू शकतो.

गावच्या शाळेत राहून कुणी बघत नाही ही भीती पण आता अर्धीच खरी आहे. टायरीस हॅलिबर्टन विस्कॉन्सिनच्या ओशकोश नॉर्थ हायस्कूलचा, साधी पब्लिक शाळा, 2018 ला स्टेट जिंकून आयोवा स्टेटला गेला आणि 2025 ला इंडियानाला एनबीएच्या फायनलपर्यंत घेऊन गेला. जेलन ब्रन्सन इलिनॉयच्या स्टीव्हन्सन हायस्कूलचा. जा मोरँट साउथ कॅरोलिनातल्या क्रेस्टवूड हायस्कूलचा, त्याची गोष्ट तर भारीच आहे, एका कँपमध्ये मरी स्टेटचा असिस्टंट कोच दुसऱ्याच पोराला बघायला आला होता, मधेच खायला काहीतरी शोधत निघाला तर बाजूच्या जिममधून बॉलचा आवाज आला म्हणून डोकावला. 2019 ला मोरँट ड्राफ्टमध्ये दुसरा. आता यावरून "नशिबात असेल तर मिळतंच" असं काही म्हणू नका, कारण त्या कोचला त्या दिवशी भूक लागली नसती तर काय झालं असतं हा पण विचार करा. पण बघणारे बघतात, बहुतेक करून उन्हाळ्यात एएयूला बघतात आणि एएयू तर भाचेबुवा घरी राहूनही खेळतातच.

रीक्लासबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाट्टेल ते फिरतं. रीक्लास म्हणजे एक इयत्ता परत करायची, म्हणजे वयाने एक वर्ष मोठा होऊन लहान पोरांत खेळायचं. 17 चा 16 वाल्यांत खेळला की साहजिकच दांडगा दिसतो. आपल्याकडे जन्मतारखेचा दाखला बदलून अंडर-14 खेळायचे, इथे तीच गोष्ट रीतसर फी भरून होते एवढाच फरक. पण एनसीएएचं एक घड्याळ असतं. डी-वनला जायचं तर 16 कोर कोर्स (इंग्रजी, गणित, सायन्स असले मुख्य विषय) लागतात, त्यातले 10 बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या कोर्सेसमध्ये किमान 2.3 जीपीए म्हणजे सरासरी ग्रेड. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट 2023 मध्ये काढली. आणि हे घड्याळ नववीत पाऊल टाकल्या दिवशी सुरू होतं, चार वर्षं. बारावी वेळेत झाली तर पुढच्या पीजी (पोस्टग्रॅज्युएट) वर्षात एखादा जादा कोर्स धरतात, पण मधेच दहावी परत केली म्हणून घड्याळ मागे जात नाही. म्हणजे नववी-दहावीत केलेला अभ्यास आणि परत केलेली दहावी यांची सांगड कशी बसते हे शाळेच्या काउन्सिलरकडून लेखी घेतल्याशिवाय सही करू नये. ताईने झूम कॉलवर हा प्रश्न विचारला तेव्हा कोच म्हणाला, "आमची अकॅडमिक टीम बघून घेते". ताई पंचवीस वर्षं बँकेत काम करतेय. बघून घेतो म्हणणाऱ्या माणसाला तिने आजवर एकही लोन दिलेलं नाही.

आणि एकदा गेलं की परत यायला वाट अरुंद. स्टेटच्या असोसिएशनांचे वयाचे आणि किती सेमिस्टर खेळलात याचे नियम असतात, बदली करून आलात तर काही दिवस बाहेर बसवतात, त्यामुळे "एक वर्ष बघू, नाही जमलं तर येईल परत आपल्या शाळेत" हे बोलायला सोपं आहे. भावोजींच्या शीटमध्ये याला कॉलमच नव्हता.

दुसरी एक गोष्ट मागच्या चार-पाच वर्षांत बदललीय आणि प्रेप शाळांची भाषणं अजून जुनीच चालू आहेत. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2021 पासून एकदा बदलायला मोकळीक, 2024 पासून कितीही वेळा बदला. म्हणजे आज कुठल्याही कॉलेजच्या कोचसमोर दोन पर्याय असतात, 18 वर्षांचं कोवळं पोर घ्यायचं की दुसऱ्या कॉलेजात दोन सीझन खेळून तयार झालेला 21 वर्षांचा बाप्या पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्यांच्या यादीतून उचलायचा. त्यात 2025 च्या उन्हाळ्यापासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. पैसे द्यायचेच तर कोच तयार माल घेणार, उघड आहे. अगदी वरच्या पोरांना याने फरक पडत नाही, त्यांच्यामागे सगळे धावतातच. मार बसतो तो आमच्या भाचेबुवांसारख्या मधल्यांना. आता याचं उत्तर प्रेपवाले असं देतात की म्हणूनच एक वर्ष जास्त घ्या, मोठे होऊन जा. आणि हे उत्तर, खरं सांगू का, मला पूर्ण खोडता येत नाही. 18 चा पोरगा 21 वाल्यांशी भांडतोय तर 19 चा जरा बरा भांडेल. पण मग ते वर्ष बारावीनंतर पीजी म्हणून का नाही घ्यायचं? तोपर्यंत पोरगा 6 फूट 4 चा 6 फूट 7 होतो की आहे तिथेच थांबतो हे तरी कळेल, आणि एकच वर्षाचं बिल. ताईला हे पटलं. भावोजींनी शीटमध्ये नवीन रंग घातला.

शाळांच्या भरवशाचं पण बोलायला पाहिजे. नेवाडातलं फिंडली प्रेप, एकेकाळी देशातली पहिल्या नंबरची टीम, 2019 ला बंद. इथे आमच्या जर्सीत एलिझाबेथचं सेंट पॅट्रिक, जिथे कायरी अर्विंग माँटक्लेअरची शाळा सोडून आला होता, त्याचे कोच केविन बॉइल 2011 ला माँटव्हर्डला गेले आणि 2012 ला शाळाच बंद झाली. जर्सी सिटीचं सेंट अँथनी, बॉब हर्ली सरांची शाळा, स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं आणि हर्ली हॉल ऑफ फेममध्ये, ती 2017 ला पैशाअभावी गेली. कोच जातो, देणगीदार जातो, की सगळं जातं. पब्लिक हायस्कूलचं काहीही असो, आपल्या प्रॉपर्टी टॅक्सवर ते चालूच राहणार.

सतनाम सिंगचं नाव निघाल्याशिवाय भारतीय घरात ही चर्चा पूर्ण होत नाही, आमच्याकडेही निघालंच. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा पोरगा, लुधियानाच्या अकॅडमीत तयार झाला आणि 2010 ला 14 व्या वर्षी स्कॉलरशिपवर फ्लोरिडाच्या आयएमजीला. इंग्रजी येत नाही, जेवण वेगळं, 7 फूट उंची आणि घर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. 2015 ला डॅलसने 52 व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही, पुढे कुस्तीत गेला. भावोजी म्हणाले, "बघा, एवढं करून काय मिळालं". मला हे उलट वाटतं. त्याने जायलाच पाहिजे होतं. लुधियानाच्या वर त्याच्यासाठी भारतात पायरीच नव्हती, आणि कुणी त्याच्या बापाकडे चाळीस हजार डॉलर मागितले नव्हते. आमच्या भाचेबुवांची तशी अडचण आहे का? त्याला त्याच्या स्वतःच्या कौंटीत अजून तीन गार्ड (बॉल हाताळत पुढे नेणारे खेळाडू) रोज धुतात. आधी ते तीन संपव की बाबा.

हे त्याला मी जानेवारीत बोललो होतो, स्प्रिंगफील्डहून येताना. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, जिथे 1891 ला हा खेळ जन्माला आला, तिथे दर जानेवारीत मार्टिन लूथर किंगच्या वीकेंडला हूपहॉल क्लासिक भरते, देशभरातल्या शाळा येतात. मी, भावोजी आणि तो असे तिघं गेलो होतो. टीव्हीवर कळत नाही हो. 6 फूट 9 चं पोर गार्डसारखं बॉल घेऊन येतं, दोन पावलात अर्धं कोर्ट, आणि आवाज, बुटांचा आवाज वेगळाच असतो. भावोजी पहिला हाफ संपेपर्यंत व्हिडिओ काढत होते. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी फोन खिशात ठेवला.

आणि घर. यावर ताई बोललीच नाही, ती नुसती प्रश्न विचारत राहिली. शनिवारी लाँड्री कोण करणार. आजारी पडला तर. मराठी शाळा तर सुटलीच, पण आजी-आजोबा मे महिन्यात येतात तेव्हा हा असेल का, की तेव्हा पण टूर्नामेंट. फ्लॅगसारख्यांच्या घरच्यांनी हे सगळं गिळलं कारण पलीकडे काय आहे ते स्पष्ट दिसत होतं. आमच्या पलीकडे एक कदाचित आहे, आणि कदाचितसाठी दोन वर्षं आधी पोर घराबाहेर. तसंही अठराव्या वर्षी ही पोरं जातात ती जातातच.

तरी शाळा बघायला गेलो, कारण भावोजी म्हणाले न बघता नाही म्हणणं बरोबर नाही, आणि ते बरोबरच होतं. मार्चमधला शनिवार, रस्त्याकडेला बर्फाचे काळे ढीग. शाळा सुंदर, खोटं कशाला बोलू, लायब्ररी बघून मलाच अ‍ॅडमिशन घ्यावंसं वाटलं. कोच चांगला माणूस होता, पोराशी नीट बोलला, फुटवर्कच्या दोन गोष्टी दाखवल्या ज्या मला चार वर्षांत कुणी दाखवल्या नाहीत. ताईने एकच विचारलं, मागच्या तीन वर्षांत जी मुलं फी भरून आली, स्कॉलरशिपवाली सोडून, ती आज कुठे आहेत. कोच थोडा थांबला आणि म्हणाला की यादी ईमेल करतो.

परत येताना कनेक्टिकटमध्ये कुठेतरी डंकिनला थांबलो. ताई आणि भावोजी कॉफी घ्यायला आत, मी आणि भाचेबुवा गाडीत. तो फोनमध्ये काहीतरी बघत होता, मला वाटलं इन्स्टा. मग म्हणाला, "मामा, यांच्या रोस्टरवर माझ्या पोझिशनला चार जण आहेत. दोघं पुढच्या वर्षी पण असतील. एक अजून येतोय, त्याने परवाच पोस्ट टाकलीय."

"मग तू कितवा?"

त्याने बोटांवर मोजलं, परत मोजलं. "चौथा. आणि तो 6-7 वाला दोन्ही पोझिशन खेळतो, म्हणजे पाचवा."

"आणि इथे, आपल्या शाळेत?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, फोन पालथा ठेवला आणि काच खाली करून आत आईला ओरडून सांगितलं की त्याला दोन बोस्टन क्रीम डोनट पाहिजेत, एक नाही.

ईमेल अजून आलेली नाही. डिपॉझिटची तारीख 10 एप्रिल आहे.